दहा जूनची तारीख: मेस्सी, बार्सिलोना आणि कधीच न चाललेला दावा

रामबागकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या घरी भाचा आणि त्याचे दोन मित्र पोहे-जिलबीला आले होते. भाच्याच्या अंगात बार्सिलोनाची जुनी जर्सी होती. तिच्या पाठीवरच्या दहा आकड्यातले शून्य धुऊन धुऊन अर्धे उडाले आहे, तरी तो ती टाकायला तयार नाही. बोलता बोलता विषय २०२० च्या ऑगस्टवर गेला. मेस्सीने क्लब सोडण्याची नोटीस पाठवली तेव्हा चूक कोणाची होती यावर तिघांचे असे जुंपले की जिलबी गार झाली. मी फुटबॉलचा जाणकार नाही, परंतु तीस वर्षे दिवाणी बाजूची वकिली केल्यामुळे कोणताही वाद आधी कागदावर कसा दिसतो हे पाहण्याची खोड मला लागली आहे. त्या खोडीपायी हा धागा काढत आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. आपल्याकडे १५ ऑगस्टची पहाट उजाडायची होती, रात्री साडेबाराला लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगचा उपान्त्यपूर्व सामना सुरू झाला आणि बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ असे हरवले. शेवटचे दोन गोल कुटिन्होचे होते, म्हणजे बार्सिलोनानेच बायर्नला उसनवार दिलेल्या खेळाडूचे. त्यानंतर प्रशिक्षक सेतियेन यांची गच्छंती झाली, कूमान आले, आणि २५ ऑगस्टला मेस्सीचा ब्युरोफॅक्स क्लबच्या कार्यालयात पोहोचला. ब्युरोफॅक्स ही स्पेनच्या टपालखात्याची सेवा आहे. आपल्या रजिस्टर्ड एडीने पाकीट पोहोचल्याचे सिद्ध होते, आत काय होते ते होत नाही, आणि समोरचा पक्षकार खुशाल सांगतो की पाकिटात कोरा कागद होता. मी हा बचाव प्रत्यक्ष न्यायालयात ऐकलेला आहे. ब्युरोफॅक्समध्ये मजकुराचीही प्रमाणित प्रत राहते, त्यामुळे ती पळवाट बंद होते.

मेस्सीने नोव्हेंबर २०१७ मध्ये केलेला करार ३० जून २०२१ पर्यंतचा होता आणि तो मोडण्याची रक्कम ७० कोटी युरो ठरलेली होती. त्यातच एक कलम असे होते की २०१९-२० चा हंगाम संपताना खेळाडूला एक पैसा न देता निघून जाता येईल, मात्र त्याने तसे १० जूनपर्यंत कळवले पाहिजे. क्लबचे म्हणणे, तारीख उलटली. खेळाडूचे म्हणणे, ती तारीख हंगाम संपण्याशी बांधलेली होती आणि हंगाम तर ऑगस्टमध्ये संपला. शेवटी दावा न लावता मेस्सी राहिला.

माझे मत मेस्सीच्या बाजूचे आहे आणि त्याचे कारण दिनदर्शिकेत आहे. साथीमुळे स्पेनची लीग मार्चमध्ये थांबली आणि ११ जूनला पुन्हा सुरू झाली. म्हणजे मुदत संपली त्या दिवशी चेंडू अजून हललासुद्धा नव्हता. अकरा फेऱ्या बाकी होत्या, रेआल माद्रिदपेक्षा दोन गुणांनी पुढे असलेली बार्सिलोना तक्त्यात पहिली होती, आणि चॅम्पियन्स लीगमधला नापोलीविरुद्धचा परतीचा सामनाही व्हायचा होता. विजेतेपद माद्रिदकडे गेले १६ जुलैला. जो हंगाम पाहून निर्णय घ्यायचा, तो होण्याआधीच निर्णय कळवा, असा या कलमाचा अर्थ लावणे मला न्यायाचे वाटत नाही. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन सगळ्या मुदती लांबवल्या होत्या. मेस्सीने दावा लावायला हवा होता, आणि तो जिंकला असता, असे मला वाटते.

कलमबहाद्दर

रामबागकर साहेब, आपण माझ्याहून ज्येष्ठ आहात, तरीही नम्रपणे हरकत नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश दावे, अपिले आणि अर्ज दाखल करण्याच्या कायदेशीर मुदतींपुरता होता. दोन पक्षांनी आपसांत ठरवलेल्या पर्यायाची तारीख त्याने लांबत नाही, हे आपणही आपल्या अशिलाला सांगितले असते. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा घेतला तरी कलम ५५ खाली पहिला प्रश्न हाच येतो की वेळ हा कराराचा गाभा होता की नाही. एकतर्फी बाहेर पडण्याचा हक्क जिथे तारखेवर टांगलेला असतो तिथे न्यायालये ती तारीख काटेकोरच धरतात, कारण दुसऱ्या पक्षाला त्या तारखेनंतर आपले पुढचे वर्ष आखायचे असते.

फीफाने एप्रिल २०२० मध्ये सुचवले होते की जूनअखेर संपणारे करार हंगाम प्रत्यक्षात संपेपर्यंत वाढवावेत. पण तो सल्ला होता आणि संपणाऱ्या करारांविषयी होता. लीगने तर ३० ऑगस्टच्या निवेदनात क्लबचीच बाजू घेतली आणि मोडरक्कम लागू असल्याचे जाहीर केले.

आणि सगळ्यांत साधा मुद्दा. ९ जूनला एका ओळीचे पत्र पाठवायला त्याला कोणी अडवले होते? हंगाम लांबला आहे, माझा पर्याय तोवर खुला आहे असे मी धरतो, एवढेच. ज्या माणसाच्या करारावर वकिलांची फौज बसली होती त्याच्याकडून हे राहून गेले, याचे मला आजही नवल वाटते.

सराफ्यातली

त्याचे उत्तर मेस्सीने स्वतः दिलेले आहे. ४ सप्टेंबरला प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्याने सांगितले की आपण जाणार असल्याचे तो अध्यक्ष बार्तोमेऊ यांना वर्षभर सांगत होता आणि हंगाम संपला की राहायचे की जायचे ते तू ठरव, असे अध्यक्षही म्हणत होते. त्या शब्दावर तो विसंबला. पुढे शब्द फिरला आणि १० जून ही तारीख पुढे आली.

कलमबहाद्दर दादा, मी वकील नाही, पण हे मला घरचे आहे. माझे वडील इथल्या एका गिरणीत साच्यावर होते. खात्याच्या अधिकाऱ्याने त्यांना सांगितले होते की बढतीचा अर्ज देण्याची गरज नाही, मी नाव घातले आहे. वडिलांनी अर्ज दिला नाही, कारण अर्ज देणे म्हणजे साहेबांच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. यादी लागली तेव्हा त्यांचे नाव नव्हते आणि अर्ज कुठे आहे असे त्याच अधिकाऱ्याने विचारले. ज्यांची तेरा वर्षांच्या वयापासून एकाच दारात हजेरी असते त्यांना एका ओळीचे पत्र पाठवणे तुम्हाला वाटते तितके सोपे नसते.

कलमबहाद्दर

ताई, आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तोंडी शब्दाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. तो सिद्ध करता येत नाही एवढेच म्हणतो.

खातेवही

मी बँकेतून निवृत्त झालो, त्यामुळे मला कलमांपेक्षा ताळेबंद जास्त बोलका वाटतो. आपण सगळे १० जूनवर अडकलो आहोत. त्या तारखेला क्लबच्या अध्यक्षांनी एवढे घट्ट का धरले, ते पाहू.

हा क्लब कोणा धनिकाच्या मालकीचा नाही, सभासदांचा आहे. सुमारे दीड लाख सभासद अध्यक्ष निवडतात. म्हणजे रचना आपल्या सहकारी पतपेढीसारखी. अशा संस्थेत अध्यक्षाला सर्वांत जास्त भीती असते ती सर्वसाधारण सभेची. २०१७ मध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोंना पॅरिसला गेला. तो पैसा हातात आला आणि तो हातात असल्याचे विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. मग डेंबेलेसाठी साडेदहा कोटी आणि वर काही, कुटिन्होसाठी बारा कोटी आणि वर चार कोटींपर्यंत, २०१९ मध्ये ग्रीझमनसाठी बारा कोटी. आमच्या शाखेत एखाद्याला जमीन विकून पैसे मिळाले की महिन्याभरात गाडी, बंगला आणि मेहुण्याचे दुकान उभे राहायचे, तसला हा प्रकार. त्यानंतर साथ आली, मैदान रिकामे पडले, तिकिटे बंद, संग्रहालय बंद.

आता या अध्यक्षाने मेस्सीला फुकट सोडले असते तर? सभासदांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते. म्हणून ७० कोटींचे कलम दाखवून त्याला धरून ठेवले, आणि तरीही घरी बसावे लागलेच. अविश्वासाच्या मतदानासाठी वीस हजारांहून अधिक सह्या जमल्या आणि २७ ऑक्टोबर २०२० रोजी बार्तोमेऊ आणि त्यांच्या संचालक मंडळाने राजीनामा दिला.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२१ च्या अखेरीस एका स्पॅनिश दैनिकाने मेस्सीचा करार छापला. चार हंगामांचा आकडा, सगळ्या बक्षिशींसह, ५५ कोटी ५२ लाख युरोंच्या पुढे होता. तो त्याने चोरला नव्हता, क्लबने सही करून दिला होता. तरीपण ज्या तिजोरीतून एवढा पैसा निघतो ती रिकामी झाली की तिच्या किल्ल्या सांभाळणाऱ्याला एकट्याला दोष देऊन चालत नाही.

मध्यरात्रीचा प्रेक्षक

मामा, मी इथला जुना वाचक आहे हे तुम्हाला माहीत नव्हते. जर्सीचा उल्लेख केलात म्हणून बाहेर यावे लागले.

तुम्ही मोठी माणसे कागद आणि पैसा पाहता. आम्ही ती तीन वर्षे पाहिली, कारण तेव्हा स्पेनची लीग भारतात फेसबुकवर फुकट दिसायची आणि आई झोपल्यावर मोबाइल पांघरुणात घेऊन सामने पाहता यायचे. त्यामुळे ऑगस्टचा ब्युरोफॅक्स आम्हाला आकाशातून पडल्यासारखा वाटला नाही. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक वाल्वेर्दे यांना काढले. फेब्रुवारीत क्रीडा सचिव आबिदाल यांनी मुलाखतीत सांगितले की वाल्वेर्दे यांच्या हाताखाली अनेक खेळाडू मनापासून मेहनत घेत नव्हते. मेस्सीने इन्स्टाग्रामवर उघडपणे उत्तर दिले की बोलायचे तर नावे घ्या, नाहीतर सगळ्यांवर चिखल उडतो. त्याच महिन्यात एका स्पॅनिश रेडिओवाहिनीने बातमी दिली की क्लबने नेमलेल्या कंपनीशी जोडलेल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांतून खुद्द क्लबच्याच खेळाडूंवर टीका होत होती. क्लबने आरोप नाकारला आणि त्या कंपनीशी असलेला करार संपवला. मार्चअखेर खेळाडूंनी पगारात ७० टक्के कपात स्वीकारली, आणि ती जाहीर करताना मेस्सीने लिहिले की आम्ही हे करणारच होतो, तरी क्लबच्या आतूनच आमच्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न झाला याचे आश्चर्य वाटते.

हे सगळे १० जूनच्या आधीचे आहे. आणि नंतरचे पाहायचे तर मेस्सीचा सहकारी सुआरेझ. तू आता नकोस असे सांगून क्लबने त्याला आतलेतिको माद्रिदला दिला, तेव्हा मेस्सीने लिहिले की तू याहून चांगल्या निरोपाला पात्र होतास. त्याच सुआरेझने २१ गोल केले आणि आतलेतिको त्या वर्षी विजेते झाले. मामा, तुम्ही एका कलमाचा वाद म्हणता आहात, पण मला हा अबोल्याचा वाद वाटतो. घरात बोलणे बंद झाले की माणसे चिठ्ठ्या लिहू लागतात.

रामबागकर (धागाकर्ता)

पांघरुणातल्या मोबाइलची गोष्ट तुझ्या आईपर्यंत पोहोचणार नाही याची हमी मी देत नाही.

तुझा मुद्दा खरा आहे. नोटीस हा भांडणाचा आरंभ नसतो, बोलणे संपल्याची ती पावती असते, हे मी रोज पाहतो.

पिवळे कार्ड

रोनाल्डोचे नाव अजून कसे आले नाही? टॉटनहॅमविरुद्ध राखीव म्हणून मैदानात उतरायला नकार दिला, सामना संपायच्या आधी बोगद्यातून निघून गेला, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरचित्रवाणीवर बसून प्रशिक्षकांविषयी आपल्याला आदर नाही असे सांगितले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला मँचेस्टर युनायटेडने परस्पर संमतीने करार संपवला. ना तारीख, ना कलम. मनात होते तिकडे पोहोचला.

सराफ्यातली

पोहोचला खरा, पण दार आपटून. मेस्सीने त्याच मुलाखतीत सांगितले की आपल्या आयुष्यातल्या क्लबला आपण कधीही न्यायालयात खेचणार नाही, म्हणून राहतो. घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको आणि तिन्ही मुले रडली, असेही तो म्हणाला. मुलांना शाळा बदलायची नव्हती.

जुना होळकर

विषयांतराबद्दल आधीच क्षमा मागतो. आपल्या गावाने कर्नल सी. के. नायडूंना पाहिले आहे. होळकर दरबाराने त्यांना सैन्यात हुद्दा दिला आणि ते या शहराचेच झाले. त्या काळी खेळाडू आणि आश्रयदाता यांच्यात कलम नसे, मर्जी असे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावरून लाला अमरनाथ यांना संघव्यवस्थापनाने अर्ध्यावर घरी पाठवले, तेव्हा त्यांनी कोणता ब्युरोफॅक्स पाठवायचा होता? त्या मानाने १० जूनची तारीख का होईना, मेस्सीच्या हातात कागद होता.

कलमबहाद्दर

कागद दोन्ही हातांत असला तरी भांडण टळते असे नाही. आपल्याकडचा बचावपटू अन्वर अली मोहन बागानशी झालेला करार सोडून ईस्ट बंगालकडे गेला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि त्याच्यासह ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी यांच्यावर १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई लादली, आणि लगोलग प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचले. मूळ विषयावर येऊ.

खातेवही

मूळ विषयाचा उत्तरार्ध राहिला आहे आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. ज्या माणसाला २०२० मध्ये कागद दाखवून थांबवले, तो २०२१ मध्ये राहायला तयार असताना त्याला ठेवता आले नाही.

मार्च २०२१ मध्ये लापोर्ता अध्यक्षपदी निवडून आले. स्पेनच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा क्लबच्या नव्या संचालकांना अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी द्यावी लागत असे, आणि त्यांना सुमारे साडेबारा कोटी युरोंची हमी गोळा करता करता घाम फुटला. (आपल्या पतपेढ्यांना हा नियम लावला तर निवडणुका बिनविरोध होतील.) मेस्सीने मानधन निम्मे करण्याची तयारी दाखवली, पाच वर्षांचा करार ठरला. पण ३० जूनला जुना करार संपला होता, म्हणजे लीगच्या दृष्टीने तो आता नवा खेळाडू, आणि लीगच्या पगारमर्यादेत त्याची नोंदणी बसेना. लीगने एका गुंतवणूक कंपनीशी केलेल्या व्यवहारात सही केली असती तर थोडी जागा झाली असती, पण त्यासाठी प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा पन्नास वर्षे गहाण पडला असता, आणि ते लापोर्ता यांनी नाकारले. ५ ऑगस्टला क्लबने जाहीर केले की तो राहणार नाही. १६ ऑगस्टला लापोर्ता यांनी आकडे सांगितले: देणे १३५ कोटी युरो, आणि पगारांचा बोजा उत्पन्नाच्या १०३ टक्के. शंभराला एकशे तीन! आमच्याकडे असा कर्जदार आला असता तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

म्हणजे रामबागकर, आपला अशील २०२० मध्ये दावा जिंकला असता तर त्याच्या वर्षभराच्या मानधनाचा बोजा क्लबचाच वाचला असता. संस्थेने जे भांडण जिंकले ते हरण्यातच तिचा फायदा होता.

मध्यरात्रीचा प्रेक्षक

काका, हिशेबात एक रकाना सुटला. त्या जास्तीच्या वर्षात त्याने लीगमध्ये ३० गोल केले आणि बिल्बाओविरुद्ध ४-० ने जिंकलेल्या चषकाच्या अंतिम सामन्यात दोन. रुसलेला माणूस असा खेळतो का? ८ ऑगस्टला निरोपाच्या वेळी व्यासपीठावर बोलण्याआधीच तो रडू लागला आणि बायकोने पुढे येऊन रुमाल दिला. ७७८ सामने, ६७२ गोल, आणि समोर मास्क लावून बसलेले सहकारी. मी ते दृश्य एकदाच पाहिले आहे, पुन्हा लावून पाहिलेले नाही.

सराफ्यातली

रुमालावरून आठवले. त्याचा पहिला करारही कागदी रुमालावरच होता. १४ डिसेंबर २००० रोजी टेनिस क्लबच्या उपाहारगृहात, वडिलांचा धीर सुटत चालला आहे हे पाहून, कार्लेस रेशाक यांनी हाताला लागलेल्या रुमालावर लिहून दिले की कोणाचे मत विरोधी असले तरी आपल्या जबाबदारीवर आपण लिओनेल मेस्सीला घेत आहोत. २०२४ मध्ये लंडनच्या एका लिलावात त्या रुमालाला ७ लाख ६२ हजार पौंडांच्या वर किंमत आली.

वकीलसाहेब, त्या रुमालावर मोडरक्कम नव्हती आणि १० जूनही नव्हता. तरी तो पाळला गेला.

कलमबहाद्दर

ताई, पाळला गेला कारण तो लिहिलेला होता. बापाला तोंडी शब्द पुरेना म्हणून तर रुमाल पुढे आला. आपण माझ्याच बाजूचा पुरावा दाखल केलात.

रामबागकर (धागाकर्ता)

कलमबहाद्दरांनी मला इथे पकडले, हे मान्य करतो. दोन दिवस विचार केला. तो दावा नक्की जिंकला असता हे माझे विधान मागे घेतो; लढवण्याजोगा होता, एवढेच ठेवतो. हंगाम आणि तारीख यांची फारकत झाली होती हे मात्र सोडत नाही.

काल रात्री गंमत म्हणून ९ जून २०२० या तारखेचे ते न लिहिलेले पत्र मी लिहून पाहिले:

‘महोदय, साथीमुळे चालू हंगाम लांबला असून त्याची अखेर अद्याप निश्चित नाही. करारातील माझा बाहेर पडण्याचा पर्याय हंगामाचा अंतिम सामना होईपर्यंत अबाधित आहे असे मी समजतो. आपले म्हणणे याहून वेगळे असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.’

भाच्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, मामा, एवढ्याने झाले असते? आणि जर्सी झटकून गेला.

कलमबहाद्दर

मसुदा उत्तम आहे. फक्त ‘असे मी समजतो’ काढून ‘तो हक्क मी राखून ठेवत आहे’ असे करावे, कारण समजणे विरुद्ध पक्षाला नाकारता येते. आणि तारीख ९ ऐवजी ३ जून टाकावी. सात दिवसांचे उत्तर यायला दहा तारीख तरी शिल्लक राहते.